बोल्टबद्दल एक शब्दही नाही

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद. (नऊ वर्षांचे साठलेले आहेत, एकदम पाठवतो आहे. सावकाश उतरवून घे, एकसष्टाव्या वर्षी एवढं ओझं एका दमात उचलायचं नसतं.) आम्ही उभयता ठीक आहोत. ठीक म्हणजे तुझ्या वहिनीचा उजवा खांदा आणि माझा डावा गुडघा सोडला तर बाकीचे भाग जागच्या जागी आहेत, आणि हाक मारली की थोड्या वेळाने का होईना, ओ देतात. तुझी तब्येत कशी आहे? दुकान काय म्हणतं? अजून तू गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून ‘दिसतंय का’ विचारायच्या आधीच ‘शोभतोय’ म्हणतोस का? मी मधल्या काळात चष्मा दुसरीकडून घेतला. (तुला डिवचायलाच घेतला, खोटं कशाला बोलू. पण तुला ते कळलंच नाही, त्यामुळे सगळी मेहनत फुकट गेली.) त्या चष्म्यातून डाव्या डोळ्याला पायरी चार बोटं वर दिसते आणि उजव्याला दोन बोटं खाली. मी नऊ वर्षं जिन्यावर अंदाजाने पाय टाकतो आहे. पण चष्म्यासाठी तुझ्या दारात यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आपल्या घराण्यात डोकं एकदा फिरलं की ते पुन्हा सरळ करायला मिस्त्री मिळत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की बाबांची शिकारीची रायफल मी साफ करायला काढली. तिच्या बोल्टबद्दल मी या पत्रात एक शब्दही काढणार नाही, तू निर्धास्तपणे वाच. हां, पत्र सूनबाईच्याही हाती पडेल आणि बोल्ट म्हणजे काय हे त्या पोरीला कुणी धड सांगितलेलं नसणार, म्हणून तेवढी माहिती देतो. (ही माहिती आहे, हा शब्द काढणं नव्हे.) बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतला वीतभर लोखंडी दांडा, त्याला बाजूला एक वाकडी मूठ. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची, म्हणजे गोळी आत जाऊन बसते. हा दांडा पूर्ण मागे ओढून सबंध बाहेर काढता येतो, आणि तो काढला की रायफल म्हणजे नुसती जड काठी. तर सूनबाई, या दांड्यावरून नऊ वर्षांपूर्वी माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तू लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे आलेली असताना, मी तुझ्या सासऱ्याला चोर म्हणालो. म्हणजे चोर हा शब्द वापरला नाही. ‘बोल्ट तूच नेलास, तुला लहानपणापासून न विचारता उचलायची सवयच आहे’ असं म्हणालो. हे बरं दिसतं म्हणून मी बरीच वर्षं मनाशी धरून बसलो होतो, की चोर तर म्हटलं नाही ना!

टिल्लू, तू तेव्हा एवढंच म्हणालास, ‘दादा, मी नाही नेला.’ मी म्हणालो, ‘मग त्याला काय पाय फुटले?’ तू अर्ध्या ताटावरून उठलास, हात धुतलेस, बूट घातलेस. वहिनीने तुझी बाही धरली ती तू हळूच सोडवलीस. त्यानंतर ना तू आलास, ना मी. असो. तर मी रायफलीबद्दल लिहीत होतो.

झालं असं, की परवान्याच्या कचेरीतून पत्र आलं. आजवर कागदावर सही केली की भागत होतं. आता कुणी नवे साहेब आले आहेत आणि त्यांचं म्हणणं, ज्याच्या नावावर हत्यार आहे त्याने ते सगळ्या भागांसकट, चालू स्थितीत, समोर आणून दाखवावं, नाहीतर जमा करून टाकावं. जमा करणं सोपं होतं. पण बाबांनी जन्मभर वनखात्याची लाकडं मोजली आणि स्वतःची म्हणावी अशी हीच एक वस्तू घेतली. ती गंजलेली कशी द्यायची? मुलगी सासरी पाठवताना निदान वेणी तरी घालतात. म्हणून कपाटावरच्या सुटकेसांमागून गोणपाटाचं गुंडाळं खाली काढलं. नऊ वर्षं मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. रायफल दिसली की तू दिसायचास, आणि तू दिसलास की माझा चहा निवायचा.

गोणपाट सोडलं तर आत रायफल नसून कुणीतरी विहिरीतून काढलेला नळ ठेवला आहे असं वाटलं. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस. बोट फिरवलं की बोटाला हळद लागावी तसा गंज. पट्ट्याच्या चामड्यावर पांढरी बुरशी. लाकडी दस्ता इतका कोरडा, की नख मारलं तर भुसा पडेल. आणि जिथे बोल्ट असायला हवा (फक्त जागा सांगतो आहे, वस्तूबद्दल बोलत नाही) त्या खाचेत एका कुंभारमाशीने मातीचं तीन खोल्यांचं घर बांधलेलं. वहिनी म्हणाली, ‘बघा, तिला आत जागा झाली. माणसांनाच होत नाही.’ हे ती माशीला उद्देशून म्हणाली. मीही माशीकडेच बघत राहिलो.

तुला माहीतच आहे, मी आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली आणि ती विद्या मला कुणीही शिकवलेली नाही. दोन मशिनं बिघडवून तिसऱ्यापासून मी कारागीर झालो. त्यामुळे ज्याला स्क्रू आहे ते मला उघडता येतंच असा माझा समज आहे. (वहिनी म्हणते, उघडण्याबद्दल तक्रार नाही, बंद करण्याबद्दल आहे.) पहिल्या दिवशी मी स्क्रूंवर रॉकेल सोडून ठेवलं, ते बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी जाड दाण्याचा पॉलिश पेपर घेऊन नळी घासायला बसलो, ते चुकलं. गंज गेला, पण त्याबरोबर नळीवरची ती काळी-निळी झाकही गेली, ज्यात बाबा दाढी झाल्यावर गाल बघायचे. एक वीतभर पट्टा ॲल्युमिनियमच्या डब्यासारखा पांढरा पडला. तेव्हा मात्र घाबरलो आणि बंदुकीच्या मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री बाजारामागच्या गल्लीत बसतो, सत्तरीचा आहे, आणि त्याचा स्वभाव असा, की गिऱ्हाईक हा कामातला अडथळा आहे. त्याने नळी हातात घेतली, त्या पांढऱ्या पट्ट्यावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘अहो, जेवणाची भांडी कशाने घासता?’

मी म्हणालो, ‘काथ्याने.’

‘मग त्यांच्यावर जास्त जीव दिसतो तुमचा.’

एवढं बोलून त्याने मला कापसासारखा मऊ तारेचा बोळा दिला, तो तेलात बुडवून नुसता फिरवायचा, दाबायचं नाही, असं सांगितलं. दाबलं की लोखंड रुसतं म्हणाला. नळीसाठी सळई, दस्त्यासाठी जवसाचं तेल. मग खाचेत बोट घालून विचारलं, ‘बोल्ट?’ मी म्हणालो, ‘तो भावाने नेला.’ सवयीने म्हणालो, टिल्लू. नऊ वर्षांत मी हे न्हाव्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, बँकेच्या रांगेत पुढच्याला सांगितलं, आणि एकदा तर मागच्यालाही. मिस्त्री म्हणाला, ‘भाऊ शिकार करतो?’ मी म्हणालो, ‘नाही, चष्मे विकतो.’ त्याने भुवया वर केल्या आणि नळी परत माझ्या हातात दिली. मला पहिल्यांदाच जरा कसंसं झालं. नुसता बोल्ट घेऊन चष्म्याच्या दुकानात कुणी काय करणार? इतक्या वर्षांत हा सवाल मला सुचला नव्हता. रागात माणसाला सगळी उत्तरं सुचतात, सवाल एकही सुचत नाही.

आता नळी आतून पुसण्याचा प्रसंग. सळईच्या टोकाला चिंधी लावायची, मागून घालायची, तोंडातून काढायची, आणि चिंधी कोरी निघेपर्यंत हे करत राहायचं. चिंधी नखाएवढी हवी असं मिस्त्री म्हणाला होता. मी हाताएवढी घेतली, लवकर काम व्हावं म्हणून. सळई मिळाली नव्हती, म्हणून पडद्याची बारीक दांडी घेतली. ती निम्म्यापर्यंत गेली आणि मग पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी नळी पोटाशी धरली, वहिनीने दांडी धरली, आणि आम्ही व्हरांड्यात एकमेकांना ओढू लागलो. एवढ्यात दूधवाला फाटकात आला. तो थबकून म्हणाला, ‘काका, भांडण मोठं आहे का? नंतर येऊ?’ वहिनी म्हणाली, ‘भांडण नाही, सफाई आहे. दूध ठेवा आणि माझ्यामागून ओढा.’ तिघांनी जोर लावला तेव्हा दांडी अशी सुटली, की दूधवाला तुळशीएवढ्या झुडपात बसला, वहिनी त्याच्या किटलीवर, आणि मी जागच्या जागी, पण मांडी न घालता. चिंधी बाहेर आली ती म्हणजे माझ्या चांगल्या बनियनची अर्धी पाठ होती. (उरलेली अर्धी वहिनीने जपून ठेवली आहे, कुणी आलं की दाखवते.)

पण टिल्लू, त्यानंतर एक गंमत झाली. बोल्ट नसल्यामुळे (जागेबद्दलच बोलतो आहे) नळी आरपार मोकळी असते. ती कोरी पुसून झाली म्हणून मी मागून डोळा लावला, आणि तिकडून बघायला वहिनीनेही लावला. (काळजी करू नकोस, काडतुसं बाबा गेले तेव्हाच कचेरीत जमा केली आहेत, आणि नळी मी सतरा वेळा तपासली होती. बाबांचा मार मला अजून आठवतो.) त्या लांबलचक चकचकीत बोगद्याच्या टोकाला तिचा एकच डोळा, वाटोळा, लहान दिव्यासारखा. ती म्हणाली, ‘काय दिसतंय?’ मी म्हणालो, ‘अजून थोडा गंज आहे.’ ती म्हणाली, ‘नळीत की माझ्यात?’ मी नखाएवढी नवी चिंधी लावली आणि नळी पुन्हा पुसायला घेतली.

मग दस्ता घेतला. हे काम मला आवडलं. लाकूड पॉलिश पेपरने हलकं हलकं घासायचं, मग जवसाचं तेल बोटाने चोळायचं. लाकूड ते असं पितं, की वाटावं इतकी वर्षं कुणी पाणी विचारलं नव्हतं. तपकिरी रंग आतून वर येतो, रेषा जाग्या होतात. घासत घासत मी खालच्या बाजूला, टोकापाशी आलो, आणि बोटाला चार बारीक खड्डे लागले. दोन वर, दोन खाली. मी चष्मा पुसला. मग काढला. (त्या चष्म्यातून ते सहा दिसत होते.)

तुला आठवणार नाही. तुला दात येत होते. बाबा अंगणात रायफल पुसायला बसले होते, बोल्ट बाजूला काढून, आणि तू रांगत जाऊन दस्त्याला तोंड लावलंस. मी ओरडलो, बाबा म्हणाले, चावू दे, हिने इतक्या जणांना घाबरवलं, हिलाही कुणीतरी चावलं पाहिजे. आई तेव्हा होती. पुढच्याच वर्षी ती गेली, तू दोन वर्षांचा, मी दहाचा. तेव्हापासून तुला भरवायचं, न्हाऊ घालायचं, वेळप्रसंगी धोपटायचं खातं माझ्याकडे आलं. मी तेवढी खड्ड्यांची जागा सोडून बाकीचा दस्ता घासला. ती जागा जराशी फिकी राहिली आहे. मिस्त्रीने विचारलं, इथे हात का नाही फिरवला? मी म्हणालो, तिथे हात जात नाही.

रायफल एवढी दिसू लागली म्हणून मी ती तशीच, बोल्टविना, कचेरीत घेऊन गेलो. म्हटलं, बघूया, चालवून घेतात का. खिडकीत एक बाई होत्या, केसांत पेन्सिल खोचलेली, आवाज असा की शिक्का मारल्यासारखा. त्यांनी रायफल बघितली, ‘छान ठेवलीय’ म्हणाल्या (मी मान खाली घातली), आणि खाचेवर बोट ठेवलं. ‘यातला बोल्ट?’

‘नाही.’

‘हरवला की चोरीला गेला? हरवला असेल तर हा पिवळा फॉर्म. चोरीला गेला असेल तर पांढरा. पांढऱ्यावर संशयिताचं नाव लिहावं लागतं.’

मी पांढरा घेतला. सवयीनेच. माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वस्तूचं वर्णन लिहिलं. मग तो रकाना आला. टिल्लू, तोंडाने मी तुझं नाव शंभर ठिकाणी घेतलं होतं, पण पेन तिथे टेकवलं आणि ते हलेना. मला वाटलं शाई संपली. झटकून बघितलं, फॉर्मवर ठिपका पडला, म्हणजे शाई होती. मागची रांग खोकू लागली. बाई म्हणाल्या, ‘काका, नाव माहीत नाही का?’

मी म्हणालो, ‘माहीत आहे. मीच ठेवलंय.’

आणि खरंच की नाही! बारशाला आत्यांनी आणि मावशीने तीन तीन नावं आणली होती, घरात एकमत होईना, तेव्हा आई म्हणाली, मोठ्याला विचारा, सांभाळणार तो आहे. ते नाव मी चोरीच्या फॉर्मवर कसं लिहू? बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, पांढरा कागद हळूच ओढून घेतला, फाडला, आणि पिवळा पुढे सरकवला. म्हणाल्या, ‘हरवलंच असेल. बहुतेक सगळ्यांचं हरवतंच. आठ दिवस देते, घरात पुन्हा शोधा.’

घरी आल्यावर मी वहिनीला सांगितलं, की मी पिवळा फॉर्म घेतला. ती पोळपाटावरून हात न काढता म्हणाली, ‘नऊ वर्षांत पहिल्यांदा अकलेचं काम केलंत,’ आणि मग बराच वेळ लाटत राहिली, गरजेपेक्षा जास्त. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला सहा माणसांना पुरेल एवढं झालं.

आता पुढचं लिहायला बसलो त्याला आज तीन दिवस झाले. सुरुवातीला बोल्टबद्दल शब्द दिला होता तो आता मोडतो.

बाबांचा नियम तुला पाठ आहे. रायफल एका जागी, बोल्ट दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या. आणि बोल्ट अशा जागी, जिथे रागात माणसाचा हात जाणार नाही. त्यांच्या पश्चात बोल्टची जागा जिन्याखालचा कोनाडा, फळीमागे. ती जागा फक्त तुला आणि मला ठाऊक. म्हणून त्या दिवशी सूनबाईला रायफल दाखवायची म्हणून कोनाड्यात हात घातला, तो रिकामा आला, आणि मी हिशेब मांडला: मी काढलेला नाही, तर उरला कोण? वर तू दोन महिन्यांपूर्वीच मुक्कामाला येऊन गेला होतास. आता मी काढलेला नाही हे मला कसं माहीत? तर मला आठवत नव्हतं, म्हणून. माझा माझ्या आठवणीवर तुझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, हाच काय तो माझा गुन्हा.

कचेरीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या चामड्याला तेल लावायला मऊ कापड हवं होतं. (बनियन मागायची सोय राहिली नव्हती.) मला वाटलं, तुझ्या लहानपणच्या कपड्यांची पत्र्याची पेटी आहे, त्यात मऊ फलाटीण असेल. आईने शिवलेली झबली, टोपडी, मोजे, सगळं मी ठेवलेलं आहे. त्या पेटीला नऊ वर्षं मी हात लावला नव्हता. लावावासा वाटला नव्हता म्हणण्यापेक्षा, समोर आली तरी बाजूने जायचो. झाकण उघडलं. वर पिवळं झबलं, खाली लोकरीचे दोन मोजे, पाऊल माझ्या अंगठ्याएवढं, पण गुडघ्यापर्यंत येणारे, वीतभर लांब. एक मोजा हलका होता. दुसरा उचलला तर हाताला हिसका बसला.

मेणकापडात गुंडाळलेला, वरून सुतळीची माझी गाठ. शिलाई मशिनवाल्याची दुहेरी गाठ, ती दुसऱ्या कुणाला येत नाही. मी ती दाताने सोडली. आत बोल्ट. एक ठिपका गंज नाही. आरशासारखा.

आणि मग सगळं आठवलं, जसं कुणी दिवा लावावा. त्या वर्षी शेजाऱ्याच्या बोकडाने माझी मिरचीची सगळी रोपं खाल्ली होती. तिसऱ्यांदा. मी फाटकात उभं राहून शेजाऱ्याला असं काही बोललो, की नंतर माझाच मला भरवसा वाटेना. कोनाड्याची जागा हाताला फार सवयीची झाली होती. घरात काडतूस एकही नव्हतं, तरी बाबांचं वाक्य आठवलं, आणि मी बोल्ट तिथून काढून अशा जागी ठेवला, जिथे मी रागावलेला असताना माझा हात कधीच पोचणार नाही. तुझ्या मोज्यात. त्याच आठवड्यात शेजारी रोपं घेऊन आला, आम्ही दोघांनी मिळून ती लावली, मी राग विसरलो आणि रागाबरोबर जागाही विसरलो. पुढे दोनच महिन्यांनी तुझ्यावर रागावलो, आणि जागा इतकी अचूक निवडलेली होती, टिल्लू, की नऊ वर्षं माझा हात तिकडे गेला नाही.

मी जमिनीवर बसून राहिलो. वहिनी आली, तिने मोजा बघितला, बोल्ट बघितला, आणि शेजारी बसली. मी म्हणालो, ‘कळवतो त्याला.’

ती म्हणाली, ‘काय कळवता?’

‘बोल्ट सापडला म्हणून.’

‘बोल्ट सापडला हे मिस्त्रीला कळवा. भाऊजींना दुसरं काहीतरी कळवायचं आहे.’

तर ते दुसरं काहीतरी कळवतो. तू नेला नव्हतास. तू खरं सांगितलं होतंस, पहिल्याच वाक्यात, आणि मी ते ऐकूनही घेतलं नाही. तुला न विचारता उचलायची सवय कधीही नव्हती. तू लहानपणी एकदाच काहीतरी न विचारता उचललं होतंस, ते म्हणजे माझ्या ताटातली भाकरी, आणि तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि भुकेला होतास, कारण स्वयंपाक करायचा राहिला होता, आणि तो मी करायचा राहिला होता. एवढ्यावर मी तुझी लहानपणापासूनची सवय उभी केली, आणि तीही तुझ्या घरी नव्या आलेल्या मुलीसमोर. मी चुकलो. हे वाक्य लिहायला किती सोपं आहे बघ, दोन शब्दांचं. त्याला तीन दिवस आणि तीन कागद लागले.

रायफल पूर्ण झाली. मिस्त्रीने बोल्ट घातला, मूठ खाली पाडली, टक् असा आवाज झाला, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. नळी आतून इतकी खाल्ली गेली आहे की ती आता भिंतीलाही धड लागणार नाही म्हणाला. कचेरीतल्या बाईंनी पिवळा फॉर्मही फाडला. सगळं रीतसर झालं. शिकारीला जायचं तर आपल्या दोघांचेही पाय आता डुकरापेक्षा हळू पळतात.

वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण आपल्या घरात आता मीच उरलो आहे, म्हणून तो वगळतो. लहानांना पापे, आणि सूनबाईला आशीर्वादाआधी माफी.

तुझा,
दादा

ता. क. आधीच्या मसुद्यात मी ‘गैरसमज झाला’ असं लिहिलं होतं. वहिनीने चष्म्यावरून बघत विचारलं, ‘भाऊजींचा काय गैरसमज झाला होता?’ म्हणून तो कागद बाद केला. त्याआधीच्यात ‘दोघांचंही थोडं थोडं चुकलं’ असं होतं. तो तिने मला न विचारता बाद केला.

दुसरा ता. क. मागणं एकच. जे बोललो ते सूनबाईसमोर बोललो होतो, म्हणून तिच्यासमोरच परत घ्यायचं आहे, नुसत्या कागदावर नाही. तू सांगशील त्या दिवशी, सांगशील तिथे. तू म्हणशील तर उभा राहून बोलेन.

तिसरा ता. क. टपालपेटीपर्यंत गेलो होतो. पाकीट निम्मं आत घातलं आणि बाहेर काढलं. टाकलं असतं तर उत्तराची वाट बघत बसावं लागलं असतं, आणि उत्तर आलं नसतं तर पत्र पोचलं नाही की मी, ते कळलं नसतं. म्हणून दहाच्या बसने निघालो. हे मी तुझ्या दारातल्या पायरीवर बसून पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं आहे ते त्यामुळे. घंटी वाजवली नाही. वाजवली असती तर तुझ्यासमोर उभं राहून मला यातलं काही बोलता आलं नसतं, मी हवापाण्याचं काहीतरी बोलून पाणी पिऊन परत गेलो असतो. आत रेडिओ चालू आहे, म्हणजे तू घरी आहेस. हे आता दाराखालून सरकवतो. पानांवर आकडे घातले आहेत, मागेपुढे झाली तर लावून घे. घाई करू नकोस, सावकाश वाच. परतीची बस साडेपाचला आहे, पण ती गेली तरी चालेल. मी बाहेर आहे.